पंखातल्या फासळ्या

आमच्या घरी जळणाची ददात कधीच नव्हती. वाडीतल्या बाकीच्या बायका डोंगरातून मोळ्या आणायच्या आणि माझी आई दारातल्या ढलप्या सुपात गोळा करून चूल पेटवायची. 'तुझं बरं हाय बाई, नवरा बसल्याजागी जळण पाडतोय,' असं त्या तिला चिडवायच्या. सुताराचं घर ते. सकाळी जाग यायची ती लाकूड तासायच्या वाकसाच्या ठोक्यांनी, आणि कुठलं लाकूड चाललंय हे अंथरुणातूनच कळायचं, कारण बाभळीचा आवाज टणक आणि आंब्याचा भद्द. बाभळीची ढलपी चुलीत तडतडते, सागाची आधी धूर करते, आंब्याची लवकर संपते, हे मला पाटीवर मुळाक्षरं गिरवायच्या आधीपासून ठाऊक होतं. पण जगात एक लाकूड असंही आहे की जे कागदासारखं जळतं, भुर्रकन, आणि मागे राखसुद्धा धड ठेवत नाही. त्या लाकडावर मी एकदा चहा ठेवला. त्या लाकडावर एका मेलेल्या माणसाचं अक्षर होतं, आणि ते वाचायला त्याचा बाप भोरहून आला होता. हे प्रकरण त्याबद्दल आहे. आधी सांगून टाकते, म्हणजे पुढं काही चांगलं होईल या आशेवर कुणी राहू नये.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. शेजारच्या घरात वडिलांना आप्पा म्हणायचे, त्याच्या पलीकडं तात्या. अण्णा म्हणाल तर अख्ख्या वाडीत एकच, पिठाच्या गिरणीचे मालक, आणि त्यांना त्यांची बायकोसुद्धा अण्णाच म्हणायची. 'बाबा' मात्र कुणीच म्हणत नव्हतं. बाबा असायचे मराठीच्या पुस्तकातल्या धड्यांत आणि तात्यांच्या घरच्या टीव्हीवर. तिथले बाबा ऑफिसातून येऊन बूट काढायचे, आणि मुली धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडायच्या. आमच्याकडं दादांच्या गळ्यात पडायचं म्हणजे अंगभर भुसा. पण दादांचा जीव माझ्यावर होता, आणि मी एकुलती एक असल्यामुळं मलाही तो कुणाबरोबर वाटून घ्यायची सवय नव्हती.

आमची वाडी मार्गासनीहून आत, ओढा ओलांडून चढावर. वाडीच्या वर मोठा सपाट माळ होता. त्यावर गवताशिवाय काही उगवत नव्हतं आणि तेही गुरांच्या तोंडाला लागेल इतपतच. त्या माळावर दर रविवारी पुण्याची काही माणसं विमानं उडवायला येऊ लागली. खरीखुरी नव्हेत, हातभर-दोन हात लांबीची, जमिनीवरून रिमोटचा डबा हातात धरून चालवायची. इंजिन लागलं की वाडीभर मोठी गांधीलमाशी अडकल्यासारखा आवाज घुमायचा आणि मागोमाग जळक्या एरंडेलाचा वास खाली उतरायचा, कारण त्यांच्या इंधनात एरंडेल असे. आई म्हणायची, 'इमानाचं प्वाट साफ न्हाई वाटतं.' आता तो माळ कुंपण घालून प्लॉटमध्ये वाटला गेलाय आणि परवा भोरला आमच्या गल्लीतल्या लग्नात ड्रोन फिरत होतं. डोक्यावरून तो आवाज गेला आणि माझ्या हातातला घास हातातच राहिला. सून म्हणाली, 'आई, फोटो काढतायत, वर बघा ना.' मी वर बघितलं नाही.

उडणाऱ्यांपेक्षा पडणारी विमानंच जास्त. एक आमच्या भाताच्या खाचरात पडलं, शेपूट मोडून. दादांनी ते उचलून आणलं, घरातल्या डिंकानं आणि कळकाच्या कामटीनं शेपूट सांधलं आणि माळावर नेऊन दिलं. ते ज्याचं होतं त्याचं नाव अभय. तो पुण्यात शिकत होता, पण मूळचा भोरचा, आणि विमानाचे पंख पाठीला बांधून मोटारसायकलवर एकटाच यायचा. शेपूट बघून तो खूप हसला. 'दादा, तुम्ही तर नांगराचा दांडा बसवलात. हे आता आकाशात जायचं नाही, शेत नांगरेल.' मग त्यानं पिशवीतून एक पांढरट फळी काढून दादांच्या हातात दिली. बाल्साचं लाकूड, ही विमानं ज्याची करतात ते, पिसासारखं हलकं. दादांनी ती हुंगली, नखानं दाबून पाहिली, तळहातावर तोलली आणि म्हणाले, 'ह्ये लाकूड न्हवं. ह्ये लाकडाचं सोंग हाय.'

त्या सोंगानं दादांना असं काही नादी लावलं की विचारू नका. गावात लाकडी अवजारं करून घेणारं तेव्हा फारसं कुणी उरलं नव्हतं. लोखंडी नांगर आले, ट्रॅक्टर भाड्यानं मिळू लागले, आणि वाकस दिवसेंदिवस खुंटीला राहायचा. बाभळीवर पंचवीस वर्षं हात बसलेला माणूस दाढीच्या पात्यानं वीतभर लांबीच्या पट्ट्या कापायला शिकला. पहिले दोन महिने नुसता चुरा झाला. पंख कसा असतो ते अभयनं त्यांना उलगडून दाखवलं. मधून एक दांडी जाते, तिच्यावर ओळीनं पातळ फासळ्या उभ्या आणि वरून इस्त्रीनं ताणून बसवलेलं झिरझिरीत आवरण. एकदा आवरण बसलं की आतलं काही दिसत नाही. सगळं झाल्यावर दोन्ही पंखांखाली एकेक बोट ठेवून विमान उचलायचं, ते ना पुढं झुकलं पाहिजे ना मागं, ना डावीकडं ना उजवीकडं. हे तोलायचं काम दादा श्वास रोखून करायचे. वर्षभरात असं झालं की पुण्याची माणसं मोडकी विमानं सरळ आमच्या पडवीत ठेवून जायची आणि पुढच्या रविवारी न्यायची.

अभय मात्र दिवसभर आमच्याकडंच असायचा. आईच्या हातचं पिठलं आणि मिरचीचा खर्डा खाऊन त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं तरी तो आणखी मागायचा. 'घरी हे असलं मिळत नाही?' असं आईनं विचारलं तर म्हणाला, 'घरी माझं काहीच चालत नाही, मावशी.' त्याहून जास्त तो घरचं बोलला नाही. दादा आणि तो पडवीत डोक्याला डोकं लावून बसलेले असायचे आणि मी पाणी, चहा, दिवा, असं काहीतरी आणून देत असायची. मला त्याचा राग यायचा. दादांना मुलगा नव्हता आणि मला उगाच वाटायचं की आता झाला. हे त्या वयातलं खूळ होतं, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही.

त्याचं स्वतःचं मोठं विमान त्यानं चार महिने खपून केलं होतं, पांढरं, पंखांवर तांबडा पट्टा. ते तीन-चार रविवार उडालं. मग एका रविवारी वारा सुटलेला असताना ते त्याच्या हाताबाहेर गेलं. डबा ऐकेना, विमान सरळ दरी ओलांडून समोरच्या डोंगराच्या धारेकडं निघालं, लहान लहान होत गेलं, आणि आवाज बंद झाला. दिवस मावळेपर्यंत सगळ्यांनी शोधलं. करवीच्या जाळ्यांतून हातपाय ओरबाडून घेऊन परत आल्यावर अभय आमच्या दारात पाणी पिऊन म्हणाला, 'जाऊ द्या दादा. पुढच्या रविवारी शोधू.' पुढच्या रविवारी पुण्याची माणसं विमानं न घेता आली. त्यांनी पडवीत उभ्याउभ्याच सांगितलं की हायवेला, शिवऱ्याजवळ, अभयच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं आणि तो जागीच गेला.  अभयनं ठेवून दिलेल्या बाल्साच्या फळ्यांचा गठ्ठा होता, तो दादांनी आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला.

महिन्याभरानं एक गृहस्थ ओढा ओलांडून वर येताना दिसले. पांढरा शर्ट खोचलेला, हातात छत्री, चालण्याची सवय नसलेली. चपला त्यांनी बाहेर जोडीनं काढल्या आणि बसा म्हटल्यावर बसले. ते अभयचे वडील, पेंडसे साहेब. भोरला कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. आईनं पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं पण पेला तसाच हातात धरून ठेवला.

'ते विमान,' ते म्हणाले, 'हरवलेलं. सापडलं का?'

'न्हाई साहेब. पर शोधतो म्या. रान वाळलं की सापडंल.'

'सापडलं तर मला हवंय. त्याच्या हातचं आता तेवढंच राहिलंय.' मग पेला खाली ठेवून म्हणाले, 'जसं असेल तसं.'

खिशातून त्यांनी एक पोस्टकार्ड काढलं. त्यावर स्वतःचा पत्ता आधीच लिहून आणलेला होता. सापडलं की नुसतं टाका, म्हणाले. पायरी उतरल्यावर वळून पुन्हा म्हणाले, 'जसं असेल तसं, बरं का.' ते गेल्यावर आई म्हणाली, 'केवढ्या मनाचा मानूस. मोडकं असंल तरी घेईन म्हनतोय.' आम्ही सगळ्यांनी त्याचा अर्थ तोच घेतला. त्या माणसानं त्या दिवशी आणखी एक वाक्य बोलायला हवं होतं, पण भोरच्या कचेरीतला माणूस घरातली गोष्ट वाडीतल्या सुताराच्या पडवीत का बोलेल? आणि आम्हीही विचारलं नाही. दुःखातल्या माणसाला खोदून विचारू नये, अशी आमची रीत.

विमान शोधण्याची दादांची स्वतःची पद्धत होती. पुण्याची माणसं जिथं पडलं तिथं जाऊन शोधायची. दादा समोरच्या उतारावर जाऊन बसायचे. दुपार कलली की ऊन तिरकं होतं आणि रानात जे रानाचं नाही ते चमकतं. असे ते कितीतरी दिवस बसले. माघ निघाला, करवी वाळून खडखडीत झाली, पानं झडली, तेव्हा एका संध्याकाळी त्यांना पांढरं काहीतरी दिसलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कासरा घेऊन गेलो. दरीच्या तोंडावर ऐनाचं झाड होतं आणि त्याच्या बेचक्यात विमान उलटं लटकत होतं. डावा पंख मधोमध मोडलेला, आवरण फाटून लोंबणारं, नाक चेचलेलं. उजवा पंख मात्र धड होता. दादा वर चढले, कासऱ्यानं बांधून त्यांनी ते हळूहळू खाली सोडलं आणि मी खालून दोन्ही हातांनी घेतलं. ते इतकं हलकं होतं की हातात आलंय हे मला पटकन कळलंच नाही. घरी येईपर्यंत दादा ते स्वतःच्या छातीशी धरून चालले आणि एकदाही माझ्याकडं दिलं नाही.

मी म्हटलं, 'दादा, कार्ड टाकते.' दादा म्हणाले, 'थांब. पोरगं गेलेल्या घरात मोडकी वस्तू धाडायची व्हय? सुताराच्या दारातनं मोडकं जात न्हाई.' इथं कुणी त्यांना दोष देईल तर मी भांडेन. त्यांना अवघं एक काम येत होतं, आणि ते त्यांनी अभयसाठी जीव ओतून करायचं ठरवलं. माळ्यावरचा गठ्ठा खाली आला. डाव्या पंखाचं आवरण सोलून काढलं, मोडक्या फासळ्या एकेक करून सोडवल्या, नव्या फळीवर ठेवून पेन्सिलनं उतरवून घेतल्या आणि नव्या कापल्या. मग त्यांनी धड राहिलेला उजवा पंख हातात घेतला. आई म्हणाली, 'आवो, त्यो बरा हाय की.' दादा म्हणाले, 'गाडीचं येक चाक बदललं तर दुसरं बदलावंच लागतं. येक बाजू जुनी, येक नवी, तोल कसा ऱ्हाईल?' आणि त्यांनी तोही उघडला.

फासळ्यांवर पेन्सिलीनं काही लिहिलेलं होतं. दादांना वाचता येत नव्हतं. लाकडावरची पेन्सिल म्हणजे मापाची खूण, हे त्यांचं जन्माचं ज्ञान. आम्हीही दाराच्या फळीवर अशाच खुणा करायचो. तरी माप चुकायला नको म्हणून त्यांनी मला हाक मारली. 'मंगल, बघ गं काय लिवलंय. माप असंल तर सांग.'

तो रविवार होता. तात्यांच्या घरी मालिका सुरू व्हायला आली होती आणि दार लावून घेतलं की तात्यांची सून पुन्हा उघडत नसे. मी वरची फासळी उचलली, तिच्यावर 'डावी ३' असं होतं. दुसरी उचलली, 'डावी ४'.

'आकडं हायेत, दादा.'

'समद्यांवर?'

'समद्यांवर,' मी म्हटलं आणि पळाले.

पुढं मी झेडपीच्या शाळेत मास्तरीण झाले आणि तीस वर्षं पोरांची अक्षरं वाचून पोट भरलं. वाचता येत नाही म्हणणाऱ्या पोरावर मी कधी ओरडले नाही. पण न वाचता वाचलं म्हणणारं पोर सापडलं की माझा तोल सुटायचा, आणि बाकीच्या बाईंना कळायचं नाही की एवढ्याशा गोष्टीसाठी ह्या इतक्या का चिडतात.

विमान तयार झालं तेव्हा ते नव्याहून नवं दिसत होतं. दादांनी रॉकेलनं इंजिन पुसून काढलं, नाक नवं कोरलं, आवरणाचा तांबडा पट्टा जिथल्या तिथं बसवला. बोटांवर तोलून बघितलं तर विमान जागचं हललं नाही. आई म्हणाली, 'दिष्ट काढा त्याची.' मग मी कार्ड लिहिलं, 'विमान तयार आहे. रविवारी येऊन घेऊन जावे.' आता एकच गोष्ट राहिली होती. आमच्या घराची एक रीत होती. दुरुस्त केलेली वस्तू दारातून बाहेर पडायच्या आधी तिचा मोडलेला भाग चुलीत घालायचा. मोड मागं राहिला तर वस्तू पुन्हा तिथंच मोडते, असं दादांचे वडीलही म्हणायचे. नांगर असो, पाळणा असो, मोड जाळून मगच वस्तू धन्याच्या हातात. म्हणून त्या जुन्या फासळ्यांची जुडी सुतळीनं बांधून चुलीमागच्या कोनाड्यात ठेवलेली होती, रविवारची वाट बघत.

साहेब रविवारी आले नाहीत. कार्ड मिळालं त्याच दिवशी, गुरुवारी, मिळेल त्या एसटीनं आले. आई शेतावर गेली होती, मला शाळेला सुट्टी होती. मला ते ओढ्यात दिसले, छत्रीचा आधार घेत दगडांवरून येताना, आणि माझी तारांबळ उडाली. साहेब दारात, चूल थंड, आणि मोड अजून घरात. मी जुडी ओढली, सुतळी तोडली आणि फासळ्या मूठमूठभर चुलीत घालून काडी लावली. असा जाळ मी कधी बघितला नव्हता. त्या घाईत एक फासळी उलटी हातात आली. तिच्यावर बारीक अक्षरात ओळी होत्या, वर 'अण्णा' असं लिहून स्वल्पविराम दिलेला. शब्द डोळ्यांपुढून गेला आणि त्याच झोक्यात फासळी आत गेली. त्यावर ढलप्या रचल्या, चहाचं पाणी ठेवलं आणि हात पुसत बाहेर आले.

दादांनी साहेबांना खाटेवर बसवलं, आतून विमान आणून त्यांच्यापुढं ठेवलं आणि दूध नाही म्हणून तांब्या घेऊन स्वतःच तात्यांच्या घरी गेले. असं स्वतः दुधाला जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पण साहेबांनी ते बघत असताना समोर उभं राहायची त्यांना लाज वाटत होती, हे मला कळलं. साहेबांनी विमानावरून हात फिरवला. पंख उजेडाकडं धरून आरपार दिसतंय का ते बघितलं. मग मला म्हणाले, 'हे पंख उघडले होते का?'

'व्हय. समद्या फासळ्या नव्या घातल्यात दादांनी. दोन्ही पंखांच्या.'

'आणि जुन्या?'

 माझी नजर चुलीकडं गेली आणि साहेबांची माझ्या नजरेमागं. ते उठले, आत आले, आणि आमच्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर चुलीपुढं उकिडवे बसले. ढलप्या तडतडत होत्या, चहाचं पाणी उकळत होतं. त्यांनी फुंकणी उचलली आणि निखारे बाजूला सारून बघितलं. फासळ्यांचं काही उरलं नव्हतं, अगदी काहीही नाही.

'आम्ही वर्षभर बोलत नव्हतो,' ते चुलीकडंच बघत म्हणाले. 'सरकारी नोकरीची परीक्षा दे म्हणून मी मागं लागलो होतो. तो गेल्यावर त्याच्या आईनं मला सांगितलं. तिला म्हणाला होता, मला जे सांगायचंय ते पंखात लिहून ठेवलंय. विमान कधीतरी पडणारच, पडलं की वाचतील.' मग त्यांनी मान वर केली. 'तू शाळेत जातेस ना? तू वाचलंस का गं काही?'

मी आयुष्यात अनेकदा खोटं बोलले असेन, बहुतेक विसरले. हे विसरले नाही. त्या माणसाच्या तोंडाकडं बघून मला वाटलं की काहीतरी द्यायलाच पाहिजे, रिकाम्या हातानं पाठवता येणार नाही. आणि शहाण्यासारखं, टीव्हीतल्यासारखं शुद्ध बोलायचं म्हणून मी म्हणाले, 'व्हय. म्हणजे हो. लिहिलं होतं, बाबा, मला तुमची खूप आठवण येते. माझ्यावर रागावू नका.'

त्यांचा चेहरा क्षणभर उघडला. माझ्याकडं ते असे बघत राहिले की मला वाटलं, झालं, जमलं. मग तो हळूहळू मिटला.

'तो मला अण्णा म्हणायचा,' ते म्हणाले.

 'अण्णाच होतं!' मी ओरडले. 'साहेब, खरंच, अण्णाच होतं! येका फासळीवर वर अण्णा लिवलं हुतं, फुडं स्वल्पविराम, मग खाली बारीक वळी हुत्या, म्या बघितलं, आत्ता, जाळताना बघितलं, आईशप्पथ!' मी रडायलाच लागले. ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून उठायला त्यांना वेळ लागला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, 'असू दे, बाळ. असू दे. तू चांगली मुलगी आहेस.' त्यांना वाटलं, मी त्यांची समजूत घालतेय. एक खोटं पकडलं गेल्यावर मी दुसरं बोलतेय.

तेवढ्यात दादा दूध घेऊन आले. मी धुराचं निमित्त करून तोंड फिरवलं. साहेब पुन्हा खाटेवर जाऊन बसले होते. त्यांनी दादांकडं बघितलं, मग विमानाकडं, आणि म्हणाले, 'सुतार, कुठं मोडलं होतं ते कळतसुद्धा नाही.' दादांनी मान खाली घातली. आनंद झाला की ते असंच करायचे. मी चहा दिला, आणि साहेबांनी तो सगळा प्यायला, शेवटच्या घोटापर्यंत, कप बशीवर नीट ठेवला. मग दादांनी विमान लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून मार्गासनीच्या थांब्यापर्यंत स्वतः नेऊन दिलं.

पुढं नोकरीनिमित्त मी भोरलाच आले. पेंडसे साहेबांचं घर माझ्या शाळेच्या वाटेवर होतं. पुढच्या खोलीत कपाटावर ते विमान होतं, खिडकीतून तांबडा पट्टा दिसायचा. कित्येकदा फाटकापर्यंत जाऊन मी परत फिरले. जाऊन काय सांगणार होते? जे खरं होतं ते माझं त्यांना सांगून झालं होतं. एका उन्हाळ्यात खिडक्या बंद झाल्या, आणि नंतर घर विकलं गेल्याचं ऐकलं.

दादा शेवटची दोन वर्षं माझ्याकडं होते. हात थरथरायचे, पण कुणीही भेटायला आलं, अगदी इंजेक्शन द्यायला नर्स आली तरी, ते तिला बसवून घ्यायचे आणि सांगायचे की जन्मभर नांगर केले, तिफणी केल्या, पण एकच काम असं झालं की ज्याचं होतं त्यानं बघितलं आणि म्हणाला, कुठं मोडलं होतं ते कळतसुद्धा नाही. मग माझ्याकडं वळून विचारायचे, 'म्हनाले का न्हाई गं, मंगल? तू हुतीस की तितं.'

आणि मी दर वेळी म्हणायची, 'व्हय दादा. म्हनाले.'